लेख्नरबाईंची अठ्ठेचाळीस माणसं

जुन्या ग्रुप फोटोत माणूस ओळखायचा असेल तर चेहरा सगळ्यात शेवटी बघायचा, हे मला लेख्नरबाईंनी शिकवलं. चेहरा फसवतो, असं त्यांचं ठाम मत होतं. टोपी घातली, मिशी काढली, उन्हाकडे तोंड केलं की चेहरा कामातून गेला. त्याआधी बूट बघायचे, हात बघायचे, कोण कोणाच्या शेजारी उभं आहे आणि कोण मुद्दाम उभं नाही ते बघायचं. "आणि पर्सा," त्या म्हणायच्या. "पुरुषाच्या हातात बाईची पर्स असेल तर ती कशी धरलीय ते बघायचं. स्वतःच्या बायकोची असेल तर बटाट्याच्या पिशवीसारखी. दुसऱ्याच्या बायकोची असेल तर दोन्ही हातांनी." एवढं बोलून त्या भिंग पुसायला घ्यायच्या आणि मला हसून घ्यायला वेळ द्यायच्या.

आम्ही जर्मनीत, म्युनिकजवळच्या उंटरश्लाइसहाइमला राहायला आलो तेव्हा त्या आमच्याच इमारतीत तळमजल्यावर एकट्या राहत होत्या. वय चौऱ्याऐंशी, केस पांढरेशुभ्र आणि कायम सेट केलेले, पाठ सरळ. आमची पहिली भेट खोक्यावरून झाली. सामान लावून झाल्यावर मी एक रिकामा खोका होता तसा कागदाच्या कचऱ्याच्या डब्यात कोंबला आणि ऑफिसला गेले. संध्याकाळी दारावर टकटक. बाहेर लेख्नरबाई, काखेत आमचा खोका, चारी बाजूंनी सपाट केलेला.

"हे बघा, फ्राउ पाटणकर. खोका असा टाकतात."

खोक्यावरच्या पत्त्यावरून त्यांनी नाव वाचलं होतं आणि तो दाखवायला त्या दोन जिने चढून आल्या होत्या. आल्या आल्या बोलणी खाल्ली म्हणून मला रागही आला आणि लाजही वाटली. दोन्हीवर उपाय म्हणून दुसऱ्या दिवशी मी बेसनाचे लाडू घेऊन खाली गेले. त्यांनी एक लाडू सुरीने चार तुकडे करून खाल्ला, विचार केला आणि म्हणाल्या, "पास्ट शोन." म्हणजे, चालेल. मी खट्टू झाले. आमच्या या बायर्न प्रांतात याहून मोठी पदवी नाही, हे कळायला मला पुढे दोन वर्षं लागली.

त्या दिवशी त्यांच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर मी ते फोटो पहिल्यांदा पाहिले. दोनतीनशे तरी असतील. सगळ्यांत एक बस, बससमोर ओळीने उभी असलेली माणसं, हातात बिअरचे मग, काही बायकांच्या हातात केकच्या बशा.

लेख्नरबाई आणि त्यांचे यजमान टोनी यांचं जवळच्याच एका खेड्यात गास्टहाउस होतं, म्हणजे खाणावळ आणि बिअरचा गुत्ता एकत्र. गुत्ता हा शब्द मी त्यांच्यापुढे कधी भाषांतर करून सांगितला नाही. दरवर्षी मे महिन्यात एक दिवस गास्टहाउस बंद ठेवून नेहमीच्या गिऱ्हाइकांना बसने सहलीला न्यायची त्यांची पद्धत होती. सहल कुठे जाणार ते फक्त टोनीला आणि ड्रायव्हरला ठाऊक. बाकीच्यांनी सकाळी गपचूप बसमध्ये बसायचं आणि बस थांबेल तिथे उतरायचं. अशा सहलीला इथे 'निळ्यात जाणं' म्हणतात. जिथे प्रत्येक गोष्टीचं वेळापत्रक सहा महिने आधी घरी येतं, त्या देशात माणसं वर्षातून एक दिवस मुद्दाम काही न विचारता निघतात, हे ऐकून माझा नवरा इतका खूश झाला की पुढच्या सुट्टीचं प्लॅनिंग त्याने माझ्यावर सोडून दिलं.

पण या गमतीचा त्रास आता लेख्नरबाईंना होत होता. टोनीने आयुष्यात एकाही फोटोमागे काही लिहिलं नव्हतं. तो गेला, ड्रायव्हरही गेला, गास्टहाउसच्या जागी दातांचा दवाखाना आला. तीस वर्षांत तीस तळी, तीस चर्च, तीस डोंगर, सगळे एकमेकांत मिसळलेले. त्यामुळे त्या कपांच्या जाडीवरून कॅफे ओळखायच्या आणि केकच्या थरांवरून जिल्हा. एकदा एका फोटोवर पाऊण तास घालवून म्हणाल्या, "हे फ्रांकेनमधलं. इतका कोरडा केक दुसरीकडे कोणी करत नाही." फ्रांकेनचा भाग न्युरेम्बर्गच्या आसपासचा. माझी एक मैत्रीण तिथे नोकरी करते, तिला मी हे अजून सांगितलेलं नाही.

हे सगळं कशासाठी, तर उन्हाळा संपला की त्या आल्टनहाइममध्ये, वृद्धाश्रमात जाणार होत्या. खोली एक, कपाट एक. उरलेलं घर त्यांचा म्युनिकचा पुतण्या रिकामं करणार होता. "चांगला मुलगा आहे," त्या म्हणायच्या, "पण तो टाकतो." म्हणून त्यांनी नियम केला होता. फोटोतल्या सगळ्यांची नावं लागली की मागे लिहायची आणि तो फोटो त्यातल्या कोणाच्या तरी घरी पोचवायचा. ज्याला घर मिळणार नाही, तो कागदाच्या कचऱ्यात जाणार. तसा एकही जाता कामा नये.

गावातल्या इतिहास मंडळाचे एक गृहस्थ एकदा प्रदर्शनासाठी फोटो मागायला आले. ज्यांची नावं माहीत नाहीत त्यांच्याखाली 'अनोळखी' असं छापू, म्हणाले. लेख्नरबाईंनी त्यांच्यापुढची कॉफी उचलून ओट्यावर ठेवली.

"अनोळखी कोण? ते? ते कसे अनोळखी? त्यांना त्यांचं नाव माहीत होतं. आपल्याला माहीत नाही, असं छापा."

गृहस्थ फोटो न घेताच गेले. मी त्या वेळी समोरच कांदा चिरत बसले होते. त्यांच्याकडे जाऊन रिकाम्या हाताने बसायची सोय नव्हती.

फोटो पोचवायला त्या स्वतः जायच्या, चाकांचा वॉकर ढकलत, आणि शनिवारी मला बरोबर घ्यायच्या. आमच्या कोपऱ्यावर एक सायकल दुरुस्तीवाला आहे. साठीचा, अबोल. वेळ ठरवल्याशिवाय गेलं तर टायरमध्ये हवासुद्धा भरून देणार नाही. त्याच्या आईचा फोटो निघाला होता. बाई बसच्या पायरीवर उभी, ड्रायव्हरची टोपी डोक्यावर, तोंड उघडून हसतेय. लेख्नरबाईंनी तो त्याच्यापुढे धरला. त्याने नुसतं पाहिलं, हात पुढे केला नाही. मग आत गेला. बराच वेळ नळाचा आवाज येत राहिला. बाहेर आला तो स्वच्छ हात धुऊन, पुसून, आणि मग त्याने फोटो घेतला.

"ती अशी हसायची?" त्याने विचारलं.

"दर मे महिन्यात," लेख्नरबाई म्हणाल्या.

पुढच्या आठवड्यात माझ्या सायकलचे ब्रेक त्याने वेळबिळ न ठरवता नीट करून दिले. पण बाईंनी या गोष्टीचा पुन्हा उल्लेखही केला नाही. पोचवलेला फोटो त्यांच्या लेखी संपलेला असायचा.

अशा पाच-सहा महिन्यांनंतर, एका दुपारी, त्यांनी ड्रॉवरमधून एक वेगळं पाकीट काढलं.

"हा तुमच्याकडचा," म्हणाल्या.

तळ्याकाठी नेहमीसारखी ओळ. ओळीच्या टोकाला, इतरांपासून हातभर लांब, एक किडकिडीत भारतीय तरुण. मे महिन्यात कोटाच्या आत स्वेटर. सगळ्यांच्या हातात मग, याच्या दोन्ही हातांत स्टीलचा डबा. खरं सांगायचं तर मी चिडले. परदेशात राहणाऱ्या प्रत्येकाला हे कधी ना कधी ऐकावं लागतं, की आमच्या ओळखीचा एक भारतीय आहे, तुम्ही ओळखत असालच.

"फ्राउ लेख्नर, आम्ही शंभर कोटींच्या वर आहोत."

"मला तो ओळखून नकोय. मी त्याला ओळखते," त्या म्हणाल्या. "मला त्याचं नाव हवंय. मी त्याला तिथे सोडून आले."

आणि मग त्यांनी ती हकिगत सांगितली. मुलगा म्युनिकला डॉक्टरेट करत होता, त्यांच्या गास्टहाउससमोरच्या घरात भाड्याच्या खोलीत राहायचा. मांस खात नसे, म्हणून बाई त्याला मशरूमच्या रश्श्यात बटाट्याचे गोळे करून द्यायच्या. सगळे त्याला 'हेर डॉक्टर', म्हणजे डॉक्टरसाहेब, म्हणायचे, त्यामुळे खरं नाव कोणी विचारलंच नाही. त्या वर्षी त्यांनी त्यालाही सहलीला नेलं. परतताना बसच्या दाराशी उभं राहून डोकी मोजायचं काम बाईंचं. अठ्ठेचाळीस आली होती, अठ्ठेचाळीस भरली. बस निघाली. घरी पोचल्यावर त्याने जेवून परत बसमध्ये ठेवलेला डबा सीटवर दिसला, आणि मग कळलं की तळ्याकाठी कुणाची तरी बहीण चढली होती, घरापर्यंत सोडा म्हणून. एक जास्त, एक कमी. बाईंचा आकडा बरोबर आणि माणूस चुकलेला.

टोनी लगेच गाडी काढून परत गेला. तळ्याकाठी कोणी नव्हतं. दुसऱ्या दिवशी घरमालकीण म्हणाली, आला तो, आगगाडीने. बाई दोनदा त्याच्या दाराशी गेल्या. सायकल बाहेर होती, पण दार उघडलं नाही. महिनाभरात तो खोली सोडून गेला. नंतर टोनीसुद्धा तो विषय काढायचा नाही.

"सगळ्या फोटोंना मला भिंग लागतं. ह्या तळ्याला लागत नाही," त्या म्हणाल्या. "मला त्याची माफी मागायची आहे. तिकडे जायच्या आधी."

तिकडे म्हणजे आल्टनहाइम की आणखी पुढे, ते मी विचारलं नाही. मी एवढंच विचारलं, "आणि डबा?"

डबा त्यांनी कपाटावरून काढला. चाळीसहून जास्त वर्षं त्यात त्यांनी एक टाचणीसुद्धा ठेवली नव्हती, कारण तो त्यांचा नव्हता. दर नाताळात घासून परत वर ठेवायच्या. मी तो हातात घेतला आणि उजेडाकडे तिरपा केला. झाकणाच्या कडेने बारीक टिंबाटिंबांनी लिहिलं होतं: सौ. कमल भा. देवस्थळी, मिरज.

मी मोठ्याने वाचलं. लेख्नरबाई माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या. "हे लिहिलंय?" त्यांनी विचारलं. "मला वाटलं, नक्षी आहे."

मी त्यांना समजावून सांगितलं की आमच्याकडे भांड्यांवर नाव घालून घेतात. लग्नाकार्यात सगळ्या घरांची भांडी एकत्र होतात, मग कोणाचं कुठलं ते नावावरून कळतं. आणि हे त्याचं नव्हे, त्याच्या आईचं नाव असणार. बाईंनी भिंग काढलं आणि एकेक टिंब बघितलं.

"म्हणजे आईचं नाव सतत माझ्या कपाटावर होतं," त्या म्हणाल्या. "मी ते घासत होते." त्यांना इतकं हताश झालेलं मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

संध्याकाळी मी चिंचवडला आईला फोन केला. देवस्थळी, मिरज, आईचं नाव कमल, मुलगा एकेकाळी जर्मनीत. एवढंच. आईच्या भिशीत मिरज माहेर असलेल्या एक वहिनी आहेत, त्यांच्या आत्येबहिणीचे दीर बँकेत होते, बँकेत एक देवस्थळी होते, ते चुलत निघाले. दीड दिवसात आईचा फोन आला. "सापडले गं. श्रीधर देवस्थळी. कोल्हापूरला असतात, सत्तरी उलटलीय. इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवायचे. बीपी आहे. धाकट्या जावयाचं तुझ्याच कंपनीत काहीतरी आहे म्हणे."

मी हे खाली जाऊन सांगितलं. लेख्नरबाईंनी हातातलं भिंग खाली ठेवलं. "पण डाटनशुट्झ?" त्यांनी विचारलं. कोणाची माहिती कोणी कोणाला द्यायची यावर या देशात फार कडक कायदे आहेत.

"आईकडे नसतो," मी म्हटलं.

त्या रविवारी सकाळी व्हिडिओ कॉल ठरला. बाई आदल्या दिवशी केस सेट करून आल्या, काळा ड्रेस, गळ्याशी ब्रोच. पुढ्यात मोठ्या अक्षरांत लिहिलेला कागद. देवस्थळी हे नाव त्यांनी आठवडाभर पाठ केलं होतं, जिन्यात भेटल्या तरी म्हणून दाखवायच्या. मी त्यांच्या शेजारी बसले, मधेमधे अर्थ सांगायला.

पडद्यावर श्रीधरकाका आणि काकू दिसले. काका इस्त्रीच्या शर्टात. लेख्नरबाईंना बघितल्याबरोबर ते उठून उभे राहिले, त्यामुळे आम्हाला काही वेळ नुसतं त्यांचं पोट दिसत होतं. "अहो, बसा, डोकं दिसत नाहीये त्यांना," काकूंनी त्यांना खाली ओढलं.

बाईंनी कागद वाचला. "हेर देवस्थळी, त्या दिवशी मी मोजणीत चुकले. मी तुम्हाला परक्या गावात एकटं सोडून आले. मी तुमची माफी मागते." शेवटचं वाक्य त्यांनी कागदावरून नजर उचलून म्हटलं.

"नाइन, नाइन, फ्राउ विर्टिन," काका म्हणाले. नाही, नाही, मालकीणबाई. असंच ते त्यांना तेव्हा म्हणत असावेत. मग हळूहळू, एकेक शब्द शोधत, ते जर्मनमध्ये बोलायला लागले. "चूक माझी. मी झोपलो होतो. होड्यांच्या शेडमागे, गवतात. दोन बिअर प्यालो होतो. जन्मात पहिल्यांदा."

बाकीचं काही कळलं नसलं तरी एक शब्द काकूंना बरोबर कळला. "अहो? बिअर?"

काकांनी त्यांच्याकडे बघितलं नाही. "उठलो तर बस नव्हती. वाटलं, सत्तेचाळीस माणसं माझी वाट बघून बघून कंटाळली, आणि गेली. सगळ्यांचा दिवस मी नासवला. तुम्ही दाराशी आलात तेव्हा मी आतच होतो, पलंगावर. दोन्ही वेळा. वाटलं, तुम्ही मला रागवायला आलात. आणि मिरजेला वडिलांना कळवाल. मला तोंड दाखवायचं धैर्य झालं नाही. डबासुद्धा मागितला नाही. आईला सांगितलं, हरवला."

 लेख्नरबाईंनी कागदाची घडी घातली. इथे थांबता आलं असतं. माफीचं परस्पर मिटलं होतं, वर चूकही समोरच्याने अंगावर घेतली होती. मी असते तर थांबले असते. पण चुकीच्या नावाने फोटो कोणाच्या घरी जाऊ न देणारी ही बाई.

"नाही," त्या म्हणाल्या. "आम्ही वाट बघितली नाही. एक मिनिटसुद्धा नाही. तुम्ही नाही आहात, हे कोणाच्या लक्षातच आलं नाही."

हे मी मराठीत कसं सांगू, असं मला झालं. एखाद्याला याहून वाईट काय सांगणार? पण काकांना भाषांतर लागलं नाही. त्यांनी चष्मा काढला.

"म्हणजे कोणाचाच खोळंबा झाला नाही?"

"कोणाचाच नाही."

काका रडायला लागले. हसतही होते. काकूंनी पदर पुढे केला, पण तोंड चालूच होतं. "लग्न झाल्यापासून सांगताहेत, मी थेंबाला शिवलो नाही म्हणून. देवासमोर सांगितलंय." लेख्नरबाईंनी मला कोपराने ढोसलं, काय म्हणतायत ते सांग म्हणून. मी सांगितलं.

"त्यांना सांगा, दोन नव्हे," बाई म्हणाल्या. "तीन. क्रेट माझ्याकडे होता."

मी ते सांगितलं. उरलेला कॉल काकूंनीच चालवला.

फोटोमागे श्रीधरकाकांचं नाव मी देवनागरीत लिहून दिलं आणि त्यावरून बाईंनी एकेक अक्षर गिरवलं. फोटो आणि डबा कोल्हापूरला रवाना झाले. उन्हाळा संपेपर्यंत टेबल रिकामं झालं. एकही फोटो कचऱ्यात गेला नाही. शेवटचे अकरा, ज्यांना घर मिळालं नाही, ते माझ्याकडे आहेत. मी त्या नियमात बसत नाही हे मी बोलून दाखवलं, तर म्हणाल्या, "पास्ट शोन."

हिवाळा संपता संपता लेख्नरबाई गेल्या. मला फार वाईट वाटलं, अजून वाटतं. त्याआधी दोनेक महिने मी आल्टनहाइममध्ये त्यांना भेटायला गेले होते. जेवणाची वेळ होती. काचेच्या दारातून मला त्यांचं टेबल दिसत होतं. पाच-सहा म्हातारी माणसं सूप विसरून त्यांच्याकडे बघत होती आणि बाई हातवारे करून काहीतरी सांगत होत्या. हाताने तळं काढलं, माणसांची ओळ काढली, मग दोन्ही तळवे गालाखाली घेऊन मान कलती केली. जी गोष्ट घरात नवराबायकोंनी कधी काढली नव्हती, ती भर जेवणाच्या टेबलावर तिखटमीठ लावून चालली होती. मी हाक मारणार होते, पण नाही मारली. फुलं तिथल्या नर्सच्या हातात दिली. ती दार ढकलून आत शिरली, तेवढ्यात एका आजोबांचा प्रश्न बाहेर ऐकू आला.

"आणि मग? फार रागावला होता का तो?"

"रागावला?" लेख्नरबाई म्हणाल्या. "अहो, तो झोपला होता!"